गांजाच्या व्हेपवर बंदी नको, गावाचा वचक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत गांजा मोकळा झाला, असे आपल्या वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून वाचायला मिळते. कुणाला त्यात पुढारलेपण दिसते, कुणाला ऱ्हास. मी मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात राहते. माझी मुले इथल्या सरकारी शाळेत शिकतात. म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहावीशी वाटली. गांजाचे दुकान काढू द्यायचे की नाही, दिले तर कुठे आणि किती, हे इथे मोठ्या प्रमाणात गाव ठरवते. आणि गावाने हा अधिकार नीट वापरावा, विशेषतः व्हेपच्या, म्हणजे गांजाच्या तेलाची वाफ ओढायच्या पेनासारख्या उपकरणाच्या, बाबतीत, असे मला कळकळीने वाटते.

2016 च्या नोव्हेंबरमध्ये इथे सार्वमत झाले आणि सुमारे 54 टक्के मतदारांनी 21 वर्षांवरील प्रौढांसाठी गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूने कौल दिला. पहिली दोन दुकाने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये लेस्टर आणि नॉर्थहॅम्प्टन इथे उघडली. ज्या गावांनी त्या सार्वमतात विरोधात मत दिले होते, त्यांना 2019 अखेरपर्यंत स्वतःच्या सभेत ठराव करून दुकाने नाकारता आली. बाकीच्यांना बंदी हवी असेल तर पुन्हा मतपेटीकडे जावे लागते. लहान गावांत यासाठी ‘टाउन मीटिंग’ भरते. ती आपल्या ग्रामसभेसारखीच असते. शाळेच्या सभागृहात माणसे जमतात, हात वर करून ठराव होतात, आणि तिथे जो येतो त्याचेच चालते.

आता व्हेपविषयी. ओढायच्या फुलात नशेचा घटक, म्हणजे टीएचसी, साधारण 20 टक्क्यांच्या आसपास असतो. व्हेपच्या कार्ट्रिजमधल्या, म्हणजे त्याला जोडायच्या कुपीतल्या, तेलात तो 70 ते 90 टक्के असू शकतो. उपकरण पेनाएवढे, दप्तराच्या कप्प्यात मावणारे. धूर नाही, वास जेमतेम, तोही काही क्षणांत विरतो. वास आला की आईबापांना कळायचे, तो आधार इथे उरलेलाच नाही. त्यामुळे फुलाला आणि तेलाला एकच नियम लावणे मला मुळातच चुकीचे वाटते.

2019 मध्ये काय घडले ते आठवून पाहा. त्या उन्हाळ्यात धडधाकट तरुण मुले श्वास घेता येत नाही म्हणून रुग्णालयात येऊ लागली. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत अमेरिकेत अशा 2,807 रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले 68 दगावले. कारण शोधता शोधता डॉक्टर व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटपाशी पोचले. बेकायदा कार्ट्रिज भरणारे लोक महागड्या तेलात भेसळ म्हणून हे मिसळत होते, कारण त्याने तेलाचा दाटपणा आणि रंग तसाच राहतो. हेच द्रव्य आजारी माणसांच्या फुफ्फुसातून काढलेल्या द्रवात, तपासलेल्या 51 पैकी 48 जणांत सापडले. टीएचसीचे व्हेप वापरून आजारी पडलेल्या ज्या लोकांनी माल कुठून घेतला ते सांगितले, त्यांच्यापैकी 78 टक्के लोकांनी तो फक्त मित्रांकडून, घरच्यांकडून, रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून किंवा ऑनलाइन मिळवला होता. फक्त दुकानातून घेणारे 16 टक्के होते. म्हणजे दुकानातला माल निर्धोक ठरला असे मी म्हणत नाही. पण मुख्य विषारी प्रवाह कुठून वाहत होता ते या आकड्यांत स्पष्ट दिसते.

त्या वर्षी 24 सप्टेंबरला आमचे तेव्हाचे गव्हर्नर चार्ली बेकर यांनी आणीबाणी जाहीर करून सगळ्याच व्हेपच्या विक्रीवर चार महिन्यांची बंदी घातली. (आपल्या केंद्र सरकारनेही त्याच महिन्यात वटहुकूम काढून ई-सिगारेट बंद केली. ती खरोखर किती बंद झाली, हे कॉलेजात जाणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारावे.) भीती एवढी होती की बेकरांचे पाऊल तेव्हा मलाही योग्य वाटले होते. पण बंदी बसली ती परवाना लटकवलेल्या दुकानांवर. पार्किंगमध्ये उभे राहून कार्ट्रिज विकणाऱ्याकडे परवाना कधीच नव्हता, त्याचे काय बिघडले? मला अधिक उपयोगाचे वाटते ते राज्याच्या गांजा नियंत्रण आयोगाने नंतर केलेले काम. आयोगाने नोव्हेंबरमध्ये दुकानांतला व्हेपचा साठा अडकवून ठेवला आणि डिसेंबरमध्ये नव्याने बनवलेला माल व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट आणि जड धातूंसाठी तपासल्यावरच विकायला परवानगी दिली. ही तपासणी करता आली, कारण तो माल कुणी बनवला आणि कुठे ठेवला याची नोंद होती.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये ती उठवावी लागली. बेकायदा दारू वाढली, हे कारण तेव्हा सरकारनेच दिले. दुसरीकडे, गावातल्या बायकांनी सह्या गोळा करून, मतदान घेऊन ‘आडवी बाटली’ निवडायची आणि दुकान बंद पाडायचे, ही आपल्याकडची तरतूद मला फार मोलाची वाटते. दुकान डोळ्यांपुढे असते, त्रास कुणाला होतो ते ठाऊक असते, आणि ते बंद पाडायची ताकद त्या त्रास सोसणाऱ्यांच्याच हातात असते. इथल्या गावांनी हा स्थानिक वचक दुकानावर रोजच्या रोज ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे.

तसा वचक ठेवायला कायदा गावाला पुरेशी जागा देतो. विक्रीची वेळ, जागा आणि पद्धत यांवर गाव वाजवी बंधने घालू शकते. शाळेपासून 500 फुटांचे अंतर राज्यानेच ठरवले आहे. दुकानांची संख्या दारूच्या परवान्यांच्या प्रमाणात मर्यादित ठेवता येते. पण माझ्या दृष्टीने खरी फट चवींची आहे. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये या राज्याने देशात सर्वांत आधी सगळ्या चवींची तंबाखू आणि चवींचे निकोटिन व्हेप विकण्यावर बंधन आणले, पुढे मेन्थॉल सिगारेटही गेली. गांजाचे व्हेप मात्र त्या कायद्यात आले नाहीत. आंबा, स्ट्रॉबेरी, कलिंगड अशा चवींच्या कार्ट्रिज आजही कायदेशीर मिळतात. निकोटिनच्या बाबतीत ज्या चवी मुलांना ओढतात म्हणून काढल्या, त्या टीएचसीच्या बाबतीत मोठ्या माणसांची आवड कशा ठरतात? दुकान उघडण्याआधी गाव आणि दुकानदार यांच्यात जो करार होतो, त्यातच गावांनी ही अट घालून पाहावी. दुकानदार कोर्टात जाईल, जाऊ दे. शेजारच्या ब्रुकलाइनने 1 जानेवारी 2000 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकायची नाही असा स्वतःचा नियम केला. दुकानदार कोर्टात गेले आणि 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. गांजाचा कायदा वेगळा आहे, हे मान्य. तरी गाव आधी हलते आणि राज्य मागून येते, हे इथे पुष्कळदा घडलेले आहे.

दुसरी फट पेट्रोल पंपावर आहे. 2018 च्या संघीय शेती कायद्याने हेम्प, म्हणजे अत्यल्प टीएचसी असलेली भांग-वनस्पती, कायदेशीर केली. त्यातून रासायनिक प्रक्रियेने डेल्टा-8 नावाचा नशेचा घटक तयार होऊ लागला आणि त्याचे व्हेप पंपावरच्या दुकानात, चॉकलेटशेजारी येऊन बसले. परवानाधारक दुकानात दारातच ओळखपत्र पाहतात. पंपावर विकणारा पोरगा ते पाहीलच याची खात्री कोण देणार? गावाच्या आरोग्य मंडळाने या दुकानांची न सांगता तपासणी करावी, नमुने उचलावेत, दंड करावा. गांजाच्या विक्रीवर गावाला तीन टक्क्यांपर्यंत कर मिळतो. तो रस्त्याच्या डांबरात घालण्याआधी या तपासणीवर आणि शाळेतल्या समुपदेशकावर खर्च व्हावा.

गावाच्या हाती अधिकार म्हणजे आपोआप चांगला कारभार, असा माझा भाबडा समज नाही. याच राज्यातल्या फॉल रिव्हर शहराचे तेव्हाचे महापौर जॅसिएल कोरिया यांनी गांजाचे दुकान काढू पाहणाऱ्यांकडून ना-हरकत पत्रासाठी लाच उकळली. 2021 मध्ये ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. एकाच माणसाच्या सहीवर परवाना अडला की हेच होणार. म्हणून हे करार बंद दाराआड न होता खुल्या सुनावणीत व्हावेत, यासाठी तिथे माणसे हजर पाहिजेत. आणि इथे मला आपल्याच लोकांविषयी बोलायचे आहे. गणपतीला आम्ही शाळेचे सभागृह भरून टाकतो. त्याच सभागृहात गांजाच्या दुकानाची सुनावणी असते तेव्हा आमच्यातले दोघेतिघेही दिसत नाहीत.

ज्यांची मुले, भाचे-पुतणे इथे शिकतात किंवा नोकरी करतात, त्यांनी आणखी एक गोष्ट त्यांना बजावून सांगावी. राज्यात कायदेशीर असलेला गांजा केंद्रीय कायद्यात चालत नाही. व्हिसावर असलेल्या माणसाने तो वापरल्याची कबुली दिली तरी पुढे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. गांजाच्या परवानाधारक दुकानातली नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येते, असे इथल्या नागरिकत्व खात्याने 2019 मध्येच स्पष्ट केले आहे. आणि सामानात विसरलेली कार्ट्रिज घेऊन मुंबईला उतरलात, तर ते तेल भारताच्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात सरळ चरसच्या व्याख्येत येते.

टाउन मीटिंगमध्ये मत फक्त नोंदणीकृत मतदारांना, म्हणजे नागरिकांनाच देता येते. पण सुनावणीत बोलायला आणि आरोग्य मंडळाला पत्र लिहायला ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट लागत नाही. विषयांची यादी सभेआधी गावाच्या कार्यालयात लावलेली असते. तुमच्या गावात पुढची सभा कधी आहे ते विचारा, यादीत गांजाचा विषय असेल तर जा आणि चवींची अट मांडा. मी आमच्या गावात तेच करणार आहे.

आपली,
एक वाचक, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका