पदार्थ वाढवण्याआधी ट्रे मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत मित्रमंडळींना घरी बोलवायचे, एका घासाचे पदार्थ टेबलावर मांडायचे आणि उभ्याउभ्या खात गप्पा मारायच्या, हा बेत छान असतो. वाढणे नको, आग्रह नको, ज्याने त्याने हवे ते उचलावे. तरीही अशा पार्टीत घरचे माणूस बहुतेक वेळ स्वयंपाकघरातच अडकलेले दिसते. त्याला स्वयंपाक येत नाही म्हणून असे होत नाही. हिशेब चुकलेला असतो, आणि तो हिशेब आमंत्रण देण्याआधीच कागदावर मांडता येतो. घरगुती पार्ट्यांचे खाणे करून देणे हाच आमचा व्यवसाय असल्याने त्याबद्दल जरा तपशिलात लिहीत आहोत.

आधी नग मोजावेत. जेवणाऐवजी हेच खाणे असेल आणि पार्टी अडीच-तीन तासांची असेल, तर माणशी १० ते १२ नग धरावेत. नंतर जेवण असेल तर ५-६ पुरतात. नग म्हणजे एका किंवा दोन घासांत संपणारा, चार-साडेचार सेंटिमीटरचा तुकडा. माणशी १० धरले तर १२ पाहुण्यांचे १२० नग झाले. पाच प्रकार केले तर प्रत्येकाचे २४. आता ओव्हनचा ट्रे बघा. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या ट्रेवर, मध्ये बोटभर अंतर सोडून, चार ओळींत सहा-सहा असे २४ नगच बसतात. म्हणजे प्रत्येक गरम पदार्थाला एक अख्खा ट्रे. ट्रेला २० मिनिटे लागली आणि दार उघडल्यावर उतरलेले तापमान चढायला आणखी ५ गेली, तर पाचही पदार्थ गरम ठेवणाऱ्याचे दोन तास ओव्हनपाशीच जातात. दोन गरम आणि तीन गार असा बेत केला तर हेच काम ५० मिनिटांत आटोपते, आणि त्यातला पहिला ट्रे पाहुणे येण्याआधीच आत गेलेला असतो. दोन ट्रे एकदम लावून वेळ वाचत नाही. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये वरचा करपतो आणि खालचा फिका राहतो. मध्येच वरचा खाली, खालचा वर करावा लागतो आणि वेळही वाढतो. ओव्हन लहान असेल तर त्यात किती नग मावतात ते मोजून बेत त्या आकड्यावर बसवावा.

म्हणून आमचे ठाम मत: गरम पदार्थ दोनच. आणि एकूण प्रकार पाच, फार तर सहा. प्रकार वाढवले की प्रत्येकाचे नग कमी केले तरी चालतील असे वाटते, पण तसे होत नाही. पहिल्या फेरीत जवळपास प्रत्येक पाहुणा प्रत्येक पदार्थ एकेक उचलतो. दुसऱ्या फेरीला तो आवडलेल्या पदार्थाकडे वळतो, आणि तोच नेमका संपलेला असतो. उरलेले चार प्रकार मग दुसऱ्या दिवशी घरच्यांना खावे लागतात. नववा प्रकार करण्यापेक्षा खात्रीच्या पदार्थाचे नग दुप्पट करणे केव्हाही बरे. पाचांत एक ब्रेडचा, एक कच्च्या भाज्या आणि डिपचा, एक पोटभरीचा (चीज, अंडे किंवा खिम्याचा), एक कुरकुरीत गरम आणि एक गोड असला की बहुतेकांची सोय होते. डिप माणशी ४० ग्रॅम, चीज इतर पदार्थांसोबत असेल तर माणशी ३० ग्रॅम पुरते. सुकामेवा, ऑलिव्ह यांच्या वाट्या या हिशेबात धरू नयेत, त्या वरकड.

काय करू नये हे ठरवणे सोपे आहे. पाहुण्याच्या एका हातात ग्लास असतो. उरलेल्या एका हाताने जे खाता येत नाही, म्हणजे ज्याला सुरी लागते, ज्यात हाड असते, जे चावल्यावर दुसऱ्या बाजूने गळते, ते यादीतून काढावे.

गार पदार्थांत सर्वात जास्त बिघडते ते सँडविच, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. दोन स्लाइसचे एक सँडविच, त्याचे चार त्रिकोण. २४ त्रिकोणांना १२ स्लाइस लागतात. ब्रेड ओला होतो तो सारणातल्या पाण्याने. ते अडवायला मऊ लोणी दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लावावे लागते. मध्यभागी लावून सोडले तर कडा आधी भिजतात. काकडीच्या चकत्यांना चिमूटभर मीठ लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि सुटलेले पाणी फडक्यात दाबून काढावे. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकावा. ब्रेडच्या कडा सारण भरल्यावर कापाव्यात, म्हणजे सगळे थर एका रेषेत येतात. सुरी दातेरी हवी आणि प्रत्येक कापानंतर पुसलेली हवी. फ्रिजमधली हवा कोरडी असल्याने उघडी ठेवलेली सँडविच तासाभरात कडक होतात. त्यांच्यावर बटर पेपर, त्यावर ओले करून घट्ट पिळलेले फडके आणि वर झाकण, अशी तीन-चार तास उत्तम राहतात. फडके थेट ब्रेडवर टाकले तर वरचा थर चिकट होतो.

टार्टच्या वाट्यांचे दुखणेही पाण्याचेच. भाजलेल्या रिकाम्या वाट्या हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस कुरकुरीत राहतात. सारण मात्र पाहुणे येण्याच्या तासभर आधीच भरावे. गोड वाट्यांना आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात दिला तर क्रीमचे पाणी वाटीत मुरत नाही आणि त्या जास्त टिकतात. पफ पेस्ट्रीला अंडे लावताना ते कडेवरून ओघळू देऊ नये. कापलेल्या कडेवर अंडे सुकले की पदर एकमेकांना चिकटतात आणि पेस्ट्री त्या बाजूने फुगतच नाही.

तळण शक्यतो नकोच. करायचेच असेल तर तेल १७५ ते १८० अंशांवर हवे आणि एका घाण्यात कढईचा निम्मा पृष्ठभाग मोकळा राहायला हवा. जास्त नग सोडले की तेल निवते आणि पदार्थ तेल पितो. तळलेले नग कागदावर ढीग करून झाकून ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. जाळीवर एका थरात, न झाकता, १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले तर अर्धा तास तरी कुरकुरीत राहतात.

कामाची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. पाहुणे सातला येणार असतील तर साडेसहाला सगळे हातावेगळे झालेले असावे, भांड्यांचे सिंकही रिकामे. साडेसहापासून मागे जात वेळा लिहाव्यात. चीज अर्धा-पाऊण तास आधी फ्रिजबाहेर, टार्ट तासभर आधी, सँडविच दुपारी तीननंतर. आदल्या दिवशी डिप करावे, रात्रभरात त्याची चव मुरते. गाजरासारख्या टणक भाज्या त्याच दिवशी कापून गार पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवाव्यात. कटलेट, खिम्याचे गोळे, कच्च्या भरलेल्या पेस्ट्री आठवडाभर आधी करून गोठवता येतात. मात्र त्या आधी ट्रेवर सुट्या गोठवून मगच पिशवीत भराव्यात, नाहीतर सगळ्यांचा एकच गोळा होतो. गोठवलेली पेस्ट्री वितळवत बसू नये, तशीच गरम ओव्हनमध्ये घालून नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटे जास्त भाजावी. वितळल्यावर ती खालून ओलसर राहते. आणि एक बिनखर्ची उपाय: आदल्या रात्री रिकाम्या डिश टेबलावर मांडून प्रत्येकीत पदार्थाच्या नावाची चिठ्ठी ठेवावी. कुठली डिश कमी पडते, कुठला चमचा नाही, हे पाहुण्यांदेखत कळण्यापेक्षा तेव्हाच कळते.

आमंत्रणात संपण्याची वेळही लिहावी, ‘७ ते ९.३०’ अशी. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. वेळ ठाऊक असली की पाहुणा घरून जेवून यायचे की नाही ते ठरवू शकतो आणि नगांचा हिशेब खरा ठरतो. त्याच निरोपात अ‍ॅलर्जीची विचारणा करावी. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, गहू, सोया आणि तीळ यांची नावे घेऊन विचारले तर माणसे नीट उत्तर देतात. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याचा पदार्थ वेगळ्या जागी आणि वेगळ्या चिमट्यासह ठेवावा. शेजारच्या डिशमधला चुराही पुरेसा असतो. पाच वर्षांखालची मुले येणार असतील तर द्राक्षे आणि छोटे टोमॅटो उभे चार भाग करूनच ठेवावेत. अख्खे दाणे आणि सुकामेवा त्यांच्या हाताला लागू नये, घशात अडकतो. टूथपिक लांब, वर ठळक दिसणारी वापरावी. आत दडलेली टूथपिक मोठ्यांनाही घातक.

आता सर्वात महत्त्वाचे, आणि ज्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. अंडी, दूध, चीज, मांस, मासे असलेले पदार्थ, आणि कापलेली फळेसुद्धा, खोलीत दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत. खोली ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एकच तास. ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा समज खोटा आहे. आपल्या हातावर आणि नाकात असणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू उबदार अन्नात वाढला की विष तयार करतो. पुन्हा गरम केल्याने जिवाणू मरेल, पण ते विष उकळूनही जात नाही. पार्टीत एकाच डिशमध्ये अनेक हात जातात, तेव्हा हा धोका कागदोपत्री नाही. उपाय अवघड नाही. २४ नगांपैकी १२ बाहेर मांडावेत, १२ दुसऱ्या डिशमध्ये फ्रिजमध्येच ठेवावेत. तासाभराने पहिली डिश उचलावी आणि दुसरी ठेवावी. जुन्या डिशमध्ये नवे नग ओतू नयेत, त्याने जुन्यांचा वेळ कुणाच्याच लक्षात राहत नाही. डिशखालच्या चिठ्ठीवर बाहेर काढल्याची वेळ लिहावी. गरम पदार्थ टेबलावर तापवून ठेवायचे असतील तर ६० अंशांच्या वर, आणि आधी शिजवलेले पुन्हा तापवताना आतून ७४ अंशांपर्यंत. अन्नात खुपसायचा थर्मामीटर यासाठी जरूर घ्यावा.

पेये टेबलाच्या त्याच टोकाला ठेवली की तिथे गर्दी तुंबते. ती खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात असावीत. पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास आणि पुढे तासाला एक, म्हणजे १२ जणांचे तीन तासांचे ४८ ग्लास. बर्फ माणशी अर्धा किलो. बाटल्या नुसत्या बर्फात खुपसण्यापेक्षा निम्मे बर्फ, निम्मे पाणी आणि मूठभर मीठ अशा बादलीत लवकर गार होतात. बर्फाचे तुकडे बाटलीला जागोजागीच टेकतात, पाणी तिला सगळीकडून वेढते. शिवाय फ्रिज खाण्यासाठी मोकळा राहतो. छोट्या डिश माणशी दोन, पेपर नॅपकिन तीन. वापरलेल्या टूथपिकसाठी एक वाटी ठेवून तिच्यात एक टूथपिक आधीच टाकावी, म्हणजे ती कशासाठी आहे हे विचारावे लागत नाही. कचऱ्याची बादली दिसेल अशी ठेवावी. ती लपवली तर उष्ट्या डिश पुस्तकांच्या कपाटावर सापडतात.

संपादक महोदय, सुट्ट्यांच्या दिवसांत आपल्या पुरवणीत पाककृती छापून येतात. ‘चार जणांसाठी’ हे प्रमाण अशा पार्टीला उपयोगाचे नाही. प्रत्येक पाककृतीखाली चार गोष्टी छापाव्यात अशी विनंती आहे: नग किती होतात, किती आधी करून ठेवता येते, गोठवता येते का, आणि टेबलावर किती वेळ ठेवता येते. जागा कमी पडली तर फोटो लहान करावा, पण अंडी, मांस आणि माशांच्या पदार्थांखालची चौथी ओळ गाळू नये.

कळावे,
आपले वाचक