साखर निर्यातीचा निर्णय गाळपाआधी हवा

महोदय,

1 जून 2022 पासून साखर निर्यात ‘निर्बंधित’ यादीत टाकली गेली, म्हणजे त्यासाठी सरकारची परवानगी लागू लागली. 2024-25 च्या हंगामासाठी 10 लाख टनांची परवानगी मिळाली ती जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे कोल्हापुरात उसाचे गाळप भरात आल्यावर! निर्यातीसाठी कच्ची साखर करायची तर ते गाळपाच्या वेळीच ठरवावे लागते. गंधकाच्या प्रक्रियेने पांढरी झालेली साखर परदेशी रिफायनऱ्यांच्या कामाची नसते. त्यात एप्रिलपासून ब्राझीलचा नवा हंगाम सुरू होऊन तिथली साखर बाजारात येते. कारखान्याचा पैसा गोदामात अडकतो आणि 14 दिवसांत द्यायची एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) लांबते.

अनुदानाने ही कसर भरून काढणेही अवघड आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमालाच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने डिसेंबर 2021 मध्ये ऊस-साखरेच्या अनुदानांबाबत भारताविरुद्ध निकाल दिला. एफआरपी सरकार नव्हे, कारखाने देतात, हा आपला युक्तिवाद टिकला नाही. अपील प्रलंबित आहे, कारण अपील मंडळच ठप्प आहे.

म्हणून शिल्लक साठा आणि इथेनॉलकडे वळणारी साखर यांचा हिशेब सप्टेंबरात मांडून निर्यातीचा कोटा ऑक्टोबरात जाहीर व्हावा. उत्पादनाचा अंदाज चुकण्याची भीती असेल तर तेव्हा निम्मा द्यावा, उरलेला जानेवारीत उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) पाहून.

– एक ऊस उत्पादक, कोल्हापूर