बरोबर उत्तराचे गुण का कापले?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

यंदाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत माझ्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचे बरोबर उत्तर चूक ठरले. प्रश्न दोन गुणांचाच होता, तरीही मी हे पत्र लिहीत आहे, कारण त्या दोन गुणांमागे आपल्या भागातल्या बायोइन्फर्मेटिक्सच्या, म्हणजे जीवशास्त्रातली माहिती संगणकावर तपासण्याच्या शास्त्राच्या, शिकवण्याचे सगळे दुखणे आहे.

प्रश्न ‘ब्लास्ट’वर होता. एखाद्या प्रथिनाचा किंवा डीएनएचा क्रम, म्हणजे त्याच्या घटकांची अक्षरांत लिहिलेली ओळ, हाती असेल, तर जगभर जमा झालेल्या क्रमांत त्याच्याशी जुळणारे कोणते, हे ब्लास्ट शोधून देते. 1990 मध्ये निघालेले हे साधन अमेरिकेतल्या एनसीबीआय या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वापरता येते. खाते उघडावे लागत नाही, फी नाही. परीक्षेत एका छोट्या प्रथिनाचा क्रम दिला होता. मुलीने तो टाकून शोध घेतला आणि आलेली ‘ई-व्हॅल्यू’ उतरवली. एक्स्टर्नलांकडच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांकडच्या, उत्तरात मात्र दुसराच आकडा होता, त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान. ते उत्तर कुठल्या तरी जुन्या प्रिंटआउटवरून घेतलेले. इतर मुलांच्या जर्नलमध्ये त्याच कागदाची झेरॉक्स चिकटवलेली होती, त्यांना पूर्ण गुण मिळाले.

आता ई-व्हॅल्यू म्हणजे काय? इतकी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडू शकेल, याचा तो अंदाज. वस्तीवर एकाच नावाचे दोघे निघाले तर आपण चकित होतो, जिल्ह्याच्या मतदारयादीत निघाले तर कोणी मान वर करून पाहत नाही. जिथे शोधायचे तो साठा जितका मोठा, तितकी योगायोगाची शक्यता जास्त आणि ई-व्हॅल्यूही मोठी. साठा तर सारखा वाढतो आहे. 1982 पासून जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातली अक्षरे साधारण दर दीड वर्षाने दुप्पट होत आली. म्हणजे तोच क्रम आज टाकला तर जुन्या कागदावरचा आकडा येणारच नाही. मुलीने शोधाची तारीख आणि डेटाबेसचे नाव शेजारी लिहिले होते. आदर्श उत्तरात यातले काहीच नव्हते. मी हे परीक्षकांना सांगितले. ‘मॅडम, पॅटर्नप्रमाणे तपासावे लागते,’ असे उत्तर मिळाले.

ही मुलगी तुरीच्या घरातली. मागच्या हंगामात त्यांची तूर ऐन फुलोऱ्यात उधळली. खोड उभे चिरले की आत काळपट तपकिरी रेषा दिसते, त्याला मर रोग म्हणतात. बिहारातल्या पुसा येथे काम करणाऱ्या बटलर यांनी 1910 मध्ये हा रोग करणाऱ्या बुरशीला फ्युजेरियम उडम हे नाव दिले. आम्ही खोडाच्या तुकड्यातून बुरशी वाढवली आणि नमुना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. ईमेलवर तिच्या डीएनएची पाचशेवर अक्षरे आली. वर्गात ब्लास्ट लावले आणि ‘शंभर टक्के जुळलं!’ म्हणून मुले ओरडली. मी त्यांना खाली खाली वाचायला लावले. त्याच टक्केवारीपुढे फ्युजेरियमच्या वेगवेगळ्या प्रजातींची नावे होती. आम्ही वाचलेला आयटीएस हा डीएनएचा भाग फ्युजेरियमच्या जवळच्या प्रजाती वेगळ्या काढायला पुरत नाही, शिवाय लोकांनी चुकीच्या नावाने नोंदवलेले क्रमही त्या साठ्यात पडून असतात. मग टीईएफ हा दुसरा जनुक वाचून घेतला, शोध प्रमाणित नमुन्यांपुरता मर्यादित करून पाहिला, जुळलेली लांबी किती तेही पाहिले, आणि मगच ‘उडम’ लिहिले. पहिल्या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्या दिवशी मुलांना जसे कळले तसे माझ्या चार व्याख्यानांनी कळले नसते.

सोयी नाहीत, असे सगळीकडे ऐकते. आमच्याकडेही दुपारी वीज जाते, नेट जाते. पण ब्लास्ट मोबाइलवरही चालते, आणि प्रत्येक शोधाला ते एक विनंती क्रमांक देते. तो वहीत टिपून ठेवला की वीज आल्यावर क्रमांक टाकून निकाल पुन्हा उघडतो, तो दिवसभर तरी टिकतो. आमच्या प्रयोगशाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात हे क्रमांकच लिहिलेले असतात. सोय असूनही जिथे मुलांना ‘ब्लास्टचे पूर्ण रूप लिहा’ एवढेच विचारले जाते, तिथे वीज काय करणार?

अभ्यास मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. हा पेपर संगणकापुढे किंवा मोबाइल हातात देऊन घ्या. क्रम प्रत्येकाला वेगळा द्या, आणि आकड्यापेक्षा मुलाने तो कसा वाचला याला गुण द्या. झेरॉक्स चिकटवलेले जर्नल स्वीकारू नका.

दुसरे मागणे मार्गदर्शक प्राध्यापकांकडे. मराठवाड्यातल्या प्रबंधांमधून तुरीचे, सोयाबीनच्या केवड्याचे, मोसंबीच्या रोगांचे क्रम पैसे खर्चून वाचले जातात. ते परिशिष्टात छापून प्रबंध कपाटात जातो. तिथून ते कोणाच्याही शोधात येणार नाहीत. फरीदाबादला 2022 मध्ये इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झाले आहे, तिथे हे क्रम जमा करता येतात. आणि करताना ठिकाणापुढे नुसते ‘भारत’ लिहून मोकळे होऊ नये. कोणते गाव, कोणता महिना, कोणता वाण, हे नसेल तर दहा वर्षांनी तो क्रम बदनापूरच्या तूर पैदासकाराच्या काय कामाचा?

आमच्या बुरशीचे दोन्ही क्रम जमा करण्याची तयारी सुरू आहे. अर्जातली गाव, वाण आणि नमुना घेतल्याची तारीख त्या मुलीनेच भरली आहे.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका,
परभणी जिल्हा