हायब्रिडची कुरकुर ऐकायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यालगतच्या आम्हा लहान गॅरेजवाल्यांचं हे आभारपत्र. उघडच लिहितोय, कारण तुम्ही जे सांगितलंत ते कधी कुलपात ठेवलं नाहीत. मग आभार तरी बंद पाकिटात कशाला?

जुनी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी मुंबई-पुण्याकडून खाली कोकणात उतरते आणि महिन्याभरात मालक सांगायला लागतो, गाडी घुमते, कण्हते, सकाळी थरथरते. मग नाक्यावर निदान होतं की बॅटरी गेली, नाहीतर गिअरबॉक्स गेला. दोन्ही निदानं महागडी आणि बहुतेक वेळा चुकीची. तुम्ही मात्र बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारायचात: आवाज कुणाबरोबर फिरतो? चाकाबरोबर, इंजिनाबरोबर, की कुणाबरोबरच नाही? या एका प्रश्नाबद्दल हे आभार आहेत. बाकी सगळं त्याच्याच फांद्या.

साध्या गाडीत ही निवड करणं कठीण असतं, कारण गिअरमुळे इंजिन आणि चाक एकमेकांना बांधलेले. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, कॅमरी, प्रियस यांच्यासारख्या पूर्ण हायब्रिडमध्ये इंजिनाचे फेरे वेगाशी बांधलेले नसतात आणि सपाटीवर 40 च्या वेगात इंजिन आपोआप बंदही पडतं. डॅशबोर्डवर ऊर्जेचं चित्र उघडून ठेवायचं, शेजारच्यानं मोबाइलवर चित्र आणि आवाज दोन्ही टिपायचे. इंजिन बंद झालं तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिन, त्याची माउंटिंग आणि सायलेन्सर एका झटक्यात निर्दोष सुटतात. पाना न लावता निम्मी गाडी बाजूला!

पुढचा हिशेब तुम्ही गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता, तो आम्ही उतरवून घेतला. 215/60 आर 17 मापाच्या टायरचा परीघ साधारण 2.17 मीटर. 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22.2 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सव्वादहा फेरे घेतं. कंपन मोजणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर 10 हर्ट्झच्या आसपास शिखर दिसलं तर दोष चाक, हब, डिस्क किंवा अ‍ॅक्सलचा. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 1200 फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला 20 फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला दीड स्फोट, म्हणजे 30 हर्ट्झ. दोन आकड्यांत एवढं अंतर आहे की गफलत व्हायचं कारण नाही. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या पूर्ण हायब्रिडचं 1490 सीसीचं इंजिन तीनच सिलिंडरचं आहे, त्यामुळे थोडी थरथर ही त्याची जातच. चार सिलिंडरची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला हे आधी समजावून सांगायला तुम्हीच शिकवलंत.

आता चाकाबरोबर फिरणारे आवाज. कोकणात सगळ्यात जास्त तक्रारी इथेच निघतात आणि सगळ्यात स्वस्तात मिटतातही. पावसाळ्यात आडवाटेचा तांबडा चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि ऑक्टोबरात वाळून जांभ्यासारखा कडक होतो. 60 ग्रॅमचा एक पोपडा 80 च्या वेगाला जवळजवळ पाच किलोच्या वजनाइतका हिसका देतो, तोही सेकंदाला दहा वेळा. स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढचं चाक, सीट थरथरली तर मागचं. बॅलन्सिंगला जाण्याआधी रिम आतून प्रेशरच्या पाण्यानं धुवायचा. चिखलासकट बॅलन्सिंग केलं की चिखल गळून पडल्यावर वजनंच उलटी नडतात.

चिखल नसेल तर टायरवर तळहात दोन्ही दिशांनी फिरवायचा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखा लागला, तर घुमणं टायरचं. खात्रीसाठी पुढचे टायर मागे टाकायचे. आवाज जागा बदलतो तेव्हा टायर दोषी, जागेवरच राहतो तेव्हा बेअरिंग. महामार्ग 66 च्या काँक्रीटवर चांगला टायरही गातो, म्हणून तीच गाडी डांबरी रस्त्यावरही चालवून बघायची, हे तुम्ही बजावायचात. बेअरिंगचा हुंकार वेगाबरोबर चढतो आणि वळणावर बदलतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग तपासायचं. चाक जॅकवर उचलायचं, खाली स्टँड लावायचा, एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची कुरकुर कानाआधी बोटांना लागते.

चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आडवी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, असं असेल तर अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट बघायचा. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना टकटक आली तर बाहेरचा. रबरी बूट फाटून ग्रीस रिमवर उडालेलं असतं, एवढं दिसलं तरी पुरे. आणि अचानक कर्कश किंचाळी सुरू झाली, तर घाबरण्याआधी डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा शोधायचा.

ब्रेकवर तुम्ही सगळ्यात जास्त बोलायचात आणि ते बरोबरच होतं. हायब्रिडमध्ये निम्म्याहून जास्त वेळा गाडी मोटरच्या जोरावर मंदावते, पॅड डिस्कला लागतच नाहीत. शहरात हा फायदा. इथे खाऱ्या वाऱ्यात न वापरलेली डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना अडकतात आणि मग ब्रेकवर पायाला ठोके बसतात. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडसाठी तुमची चाचणी अशी: सपाट, रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर 50 चा वेग, मग गिअर एन (न्यूट्रल) मध्ये आणि हळू ब्रेक. एन मध्ये मोटरनं मंदावणं बंद होतं, सगळं काम पॅडच करतात. ठोके फक्त एन मध्ये आले की दोष डिस्कचा किंवा पॅडचा, हायब्रिड यंत्रणेचा नाही. हलका गंज असेल तर असेच आठ-दहा ब्रेक मारून तो झडतो. मात्र घाटात एन कधीही नाही, आणि उभ्या गाडीतही एन मध्ये ताटकळायचं नाही, कारण एन मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

डिस्क बदलूनही ठोके परत येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हबच्या तोंडावरचा गंज असतो. तिथे कागदाएवढा पापुद्रा राहिला तरी नवी डिस्क वाकडी बसते. तारेच्या ब्रशनं हब चकचकीत करायचा, डिस्क नटांनी आवळायची आणि डायल गेजनं डगमग मोजायची. मर्यादा साधारण 0.05 मिलिमीटरच्या घरात असते. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं. साध्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. चाकाचे नट टॉर्क रेंचनं, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना 103 न्यूटन मीटर. इम्पॅक्ट गननं ठासून आवळणं ही वाकडेपणाची सुरुवात, हे तुमचं पालुपद आता आमच्याकडची पोरंही म्हणतात.

इंजिनाबरोबर येणाऱ्या आवाजांत खरी कसोटी सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या क्षणाची. त्या क्षणी एकच ‘ठक’ आला तर माउंटिंगचं रबर तपासायचं: चीर, तेलाची ओल, एका बाजूला बसलेलं इंजिन. डब्यात नट हलवल्यासारखा खडखडाट आला तर इंजिन आणि ट्रान्सअ‍ॅक्सलच्या (मोटर आणि गिअर एकत्र असलेल्या पेटीच्या) मधला हिसके शोषणारा स्प्रिंगचा डॅम्पर. इथेच तुम्ही आमचा हात धरलात. डॅम्परसाठी ट्रान्सअ‍ॅक्सल उतरवण्याआधी मिसफायर वगळा, कारण एक सिलिंडर चुकला की चांगला डॅम्परही तसाच खडखडतो.

2010 ते 2015 च्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये हा दोष ओळखीचा आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी अर्धा मिनिट जोरात हिसके देते, मग शांत होते. ईजीआर (जळालेला थोडा धूर इंजिनात परत सोडणारी यंत्रणा) हिचा कूलर आणि मॅनिफोल्डमधल्या बारीक वाटा काजळीनं बुजतात, ज्वलनाची उष्णता वाढते, पुढे हेड गॅस्केट कच्चं होतं आणि रात्रीतून थेंबभर कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. तपासाचा क्रम तुमचाच: स्कॅनरवर कुठला सिलिंडर चुकतो ते बघा, पी0301 म्हणजे पहिला. कूलंटची पातळी टेपची खूण लावून आठ दिवस बघा. इंजिन गार असताना कूलंटला टोपीवर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन रात्रभर ठेवा, सकाळी प्लग काढून आत बारीक कॅमेरा घाला. बाकीचे पिस्टन काळे आणि एकच धुतल्यासारखा लख्ख दिसला, की उत्तर मिळालं. ईजीआर साफ न करता नुसतं गॅस्केट बदलणं म्हणजे गळत्या कौलाखाली बादली ठेवणं.

थंड इंजिन पहिलं मिनिटभर जरा खरबरीत चालतं, ते सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर साफ करणारं कॅटॅलिटिक गरम करण्यासाठी. त्याला दोष म्हणू नये. तपासताना इंजिन मधेच बंद पडू नये म्हणून प्रियस, कॅमरीत मेंटेनन्स मोड लागतो. ब्रेक न दाबता स्टार्ट बटण दोनदा दाबायचं. मग 60 सेकंदांच्या आत पी मध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दोनदा, एन मध्ये दोनदा, पुन्हा पी मध्ये दोनदा. त्यानंतर ब्रेक दाबून स्टार्ट. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर न्यायची नाही, ट्रान्सअ‍ॅक्सलला इजा होते. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकायची तुमची जुनी सवय इथेही चालते, फक्त जास्त व्होल्टची नारिंगी केबल आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा डबा) यांच्यापासून दूर.

राहिले कुणाबरोबरच न फिरणारे आवाज, ज्यांना गिऱ्हाईक भूत समजतं. दार उघडताच गुरगुरणारा ब्रेकचा पंप नेहमीचाच. पण ब्रेकला पाय न लावता तो दर काही सेकंदांनी चालू होत असेल, तर आत दाब गळतोय. सी1391 सारखा कोड दिसला तर गाडी चालवायची नाही. मागच्या सीटजवळून पंख्याचा वाढता आवाज आला तर बॅटरीच्या हवेची जाळी बघायची: धूळ, कुत्र्याचे केस, प्रवासात वर टाकलेला टॉवेल. ही जाळी साफ करायला दहा मिनिटं पुरतात, आणि तुंबली तर बॅटरी तापून आयुष्य घटतं. रेडी स्थितीत इन्व्हर्टरच्या टाकीत कूलंट हलताना दिसायला हवं. खळखळ ऐकू आली तर हवा अडकलीय. एसीच्या ब्लोअरमधली टिकटिक मात्र आमच्याकडे बहुतेक वेळा आंब्याचं वाळकं पान असतं, नाहीतर उंदरानं केबिन फिल्टरवर थाटलेला संसार.

आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना बॅटरी भरली की इंजिन मोठ्यानं ओरडायला लागतं. जास्तीची शक्ती कुठेतरी जिरवायलाच हवी, म्हणून गाडी इंजिन नुसतं फिरवते. ‘बी’ (उतारावर इंजिनानं गाडी रोखण्याचा गिअर) मध्येही तसंच. तो आवाज गाडीच्या तब्येतीचा, आजाराचा नव्हे. होंडा सिटी हायब्रिडमध्ये इंजिन बहुतेक वेळ जनरेटर चालवतं, म्हणून चढावर आवाज आणि वेगाचा मेळ बसत नाही, तेही साहजिक. आणि नुसत्या बेल्टवाल्या स्मार्ट हायब्रिड सियाझ-एर्टिगात पुन्हा चालू होताना चीं-चीं आली, तर बेल्ट आणि टेन्शनर बघायचा. तिथे बाकी सगळं साध्या गाडीसारखंच.

गाडी घेण्याआधीच कोणी विचारायला आलं, तर तुम्ही आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचात. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर हे आम्हालाही अंगवळणी पडलं. पट्ट्यावर चिखलाची रेघ, स्टेपनीच्या खळग्यात गाळ, कनेक्टरमध्ये हिरवा गंज यांतलं एक जरी दिसलं, तरी हायब्रिड नको, कारण मोठी बॅटरी बहुधा मागे खालीच असते. पुळणीवर फिरवलेल्या गाडीची तळाची हीट शील्ड हातानं हलवायची; गंजलेल्या बोल्टमुळे ती 60 च्या वेगाला पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

नारिंगी केबलला हात लावायची वेळ आली, तर सर्व्हिस प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबायचं आणि 1000 व्होल्टचे, चीर नसलेले रबरी हातमोजे घालायचे. प्रियसची बॅटरी 201.6 व्होल्टची, पण इन्व्हर्टर तोच दाब 650 पर्यंत चढवतो. आणि बिघडलेली गाडी दोरखंडानं ओढत आणायची नाही. पुढची चाकं फिरली की मोटरही फिरते. आणायची तर ट्रेलरवर चढवूनच.

गणपतीला चाकरमानी आले की गाड्यांची रांग लागेलच. तुमच्या खडूच्या हिशेबाची प्रत आता आमच्या प्रत्येकाच्या गॅरेजच्या दारामागे चिकटवलेली आहे. त्यात मालवणकडच्या पोरानं 185/65 आर 15 चा आकडा घातलाय, 1.95 मीटर. बरोबर आहे का, एकदा बघून कळवावं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
किनाऱ्यावरचे गॅरेजवाले