बनावट माल म्हणजे नेमका कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यापार करारांत बौद्धिक संपदा हक्कांच्या अंमलबजावणीचे स्वतंत्र प्रकरण घालण्याचा आग्रह विकसित देश सातत्याने धरत आले आहेत. बनावट मालाला आळा बसावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ‘बनावट’ या एका शब्दाखाली काय काय कोंबले जाते, हा.

ट्रेडमार्कची हुबेहूब नक्कल करून ग्राहकाला फसवणे वेगळे आणि एखाद्या उत्पादनाने पेटंटचा भंग होतो की नाही, हा वाद वेगळा. नक्कल बऱ्याचदा वेष्टनावरूनही ओळखू येते. पेटंटच्या वादात मात्र दावे तपासावे लागतात, तज्ज्ञांच्या साक्षी काढाव्या लागतात आणि तरीही न्यायालयांचे एकमत होतेच असे नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या, १९९५ पासून लागू असलेल्या ‘ट्रिप्स’ या बौद्धिक संपदाविषयक कराराने हा भेद राखला आहे. सीमेवर माल अडवण्याची आणि फौजदारी कारवाईची सक्ती त्यात केवळ बनावट ट्रेडमार्क व कॉपीराइटची चोरी यांपुरती आहे.

हा भेद पुसला की काय होते, ते डिसेंबर २००८ मध्ये दिसले. भारतातून ब्राझीलला निघालेले लोसार्टन हे रक्तदाबावरील औषध नेदरलँड्समार्गे जात होते. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या देशांत त्यावर पेटंट नव्हते. नेदरलँड्समध्ये होते, पण तिथे तो माल विकला जाणारच नव्हता. तरीही तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी तो अडवला आणि अखेर तो ब्राझीलऐवजी भारतात परतला. भारत व ब्राझील यांनी मे २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदवल्यावर, निव्वळ वाटेतल्या देशात पेटंट आहे एवढ्यावरून औषधे अडवता येणार नाहीत, अशी समज २०११ मध्ये युरोपीय संघाशी झाली.

याच काळात ‘अ‍ॅक्टा’ हा बनावट मालविरोधी आंतरराष्ट्रीय करार आकार घेत होता. त्याच्या वाटाघाटी २००८ मध्ये सुरू झाल्या, पण अधिकृत मसुदा लोकांपुढे आला तो एप्रिल २०१० मध्ये. आणि भारत, चीन, ब्राझील त्या वाटाघाटींत नव्हतेच. सीमेवरील कारवाईतून अंतिम मसुद्याने पेटंट वगळले, हे मान्य केले पाहिजे. मात्र भरपाई ठरवताना हक्कधारकाने पुढे केलेले मोजमाप, अगदी मालाची सुचवलेली किरकोळ किंमतसुद्धा, विचारात घेण्याची मुभा न्यायालयांना द्यावी, असे त्यात होते. नकली वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाने एरवी अस्सल वस्तू पूर्ण किमतीला घेतलीच असती, असे गृहीत धरणारा हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला हसू आणील. युरोपीय संसदेने ४ जुलै २०१२ रोजी हा करार ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला. तो अमलात येण्यासाठी सहा देशांच्या मान्यता हव्या होत्या, त्याही जमल्या नाहीत.

चुकीने अडवलेल्या मालाची भरपाई तक्रारदाराकडून वसूल करण्याचा अधिकार ट्रिप्सच्या ५६ व्या कलमात आहे. अंमलबजावणीच्या नव्या प्रकरणांत तो वाटेतल्या मालालाही स्पष्ट शब्दांत लागू करावा आणि प्रत्येक फेरीनंतर मसुदा जाहीर व्हावा, एवढी मागणी वाटाघाटी करणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी लावून धरावी.

आपला,
एक वाचक