आई-बाबा, नाटकात तुम्ही आहात

भुसावळ

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच जेवणाचं विचारते, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं. आमच्या एकपात्रीचा पहिला प्रयोग दिवाळीनंतर आहे. दादाने "बेबी नाटकात काम करतेय" एवढंच सांगितलं असणार. काम मीच करतेय, पण नाटकात आहात तुम्ही दोघं.

हतनूर धरणाच्या बुडितात गाव गेलेला एक माणूस बायकोला घेऊन भुसावळला येतो, भाड्याची खोली घेतो आणि या शहरात जागा करत जातो, एवढीच गोष्ट. माणसाला नाव दिलेलं नाही. पण तो बसण्याआधी खांद्यावरचा टॉवेल झटकतो आणि कुणीही भेटलं की आधी त्याचं गाव विचारतो. गल्लीतले लोक प्रयोगाला आले तर दुसऱ्या मिनिटाला ओळखतील. म्हणून तुम्हाला आधीच कळवतेय. काही खटकलं तर सांगा, काढून टाकीन.

बाबा, तुम्ही 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट किती ऐकायचात! लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्याने ५२ पात्रं उभी केली. आमच्यात जेमतेम नऊ, तरी मला घाम फुटतोय. सगळ्यात अवघड निघाला तो मोबदल्याचे कागद करणारा साहेब. ग्रुपमध्ये सगळ्यांना तो दरडावणारा हवा होता. तुम्ही मात्र नेहमी सांगायचात की साहेब वाईट बोलला नाही, फक्त त्याने मान वर केली नाही. मी तेवढंच धरलं. हातात पेन, समोर रजिस्टर आहे असं समजायचं, नजर खाली. "घर किती खणांचं? कौलारू की धाब्याचं? झाडं किती? फळझाडं वेगळी सांगा." मग एक पाऊल डावीकडे, टॉवेल खांद्यावर, आणि मी तुम्ही होते. "साहेब, निंब धरायचा का? तो कुणी लावला नाही, आपोआप आला." परत उजवीकडे, मान खालीच. "किती?"

तालमीत या ठिकाणी आमचा दिवेवाला पोरगा फिसकन हसला आणि मग एकदम गप्प झाला. मला तेच हवं होतं. रडवणं सोपं असतं हो. नदी, बुडणारं देऊळ, मागून बासरी सोडून दिली की झालं.

आमचं खरं भांडण झालं ते नळावरच्या प्रवेशावरून. १९८२ साली धरण पुरं झालं, ४१ दरवाजे लागले, आणि आपल्या शिवारावर साठलेलं पाणी खाली तापीत सोडतात तेच भुसावळ पितं. दीपनगरचं वीज केंद्रही त्याच पाण्यावर. तर नाटकातला माणूस पहाटे चाळीच्या नळाला नंबर लावतो आणि मागची बाई म्हणते, "तुम्ही नवे, मागे व्हा." इथे आमच्या लेखकाने त्याला पानभर भाषण दिलं होतं. हे पाणी माझ्या शेतावरून आलंय, माझ्या उंबऱ्यावरून आलंय, वगैरे. मी म्हटलं, माझे बाबा असं बोललेच नसते. ते बादली उचलून मागे गेले असते. बोलली असती ती आई. म्हणून आता तो माणूस निमूट मागे सरकतो, आणि त्याची बायको पदर खोचून पुढे होते: "नवं काय नि जुनं काय माय, बादली भरायला सारखाच वेळ लागतो." आई, हे तू कधी म्हणालीस का मला आठवत नाही, पण तू म्हणू शकतेस.

आणि भुसावळात जुनं कोण आहे? रेल्वे आली तशी चहूकडून माणसं आली. क्वार्टरमध्ये एका दारात इडली, दुसऱ्यात भरीत. मागे व्हा म्हणणारी ती बाईसुद्धा कधीतरी नंबर लावायला मागेच उभी राहिली असेल. हे नाटकात कुणी बोलून दाखवत नाही, नाहीतर त्याचं भाषण होतं.

शेवट अजून ठरत नाही, त्यासाठी मला आई हवी आहे. लेखकाचं म्हणणं, उन्हाळ्यात पाणी उतरतं, जुन्या गावाची जोती उघडी पडतात, तिथे माणूस उभा आणि अंधार. दिसायला छान आहे. पण तुमचं तिथे कुठे संपलं? त्या वयात पुन्हा बोचकी बांधून पुण्याला दादाच्या फ्लॅटमध्ये गेलातच ना! मला शेवट तुझ्या बिबड्यांवर करायचा आहे. गच्चीला कुलूप, सेक्रेटरी म्हणतो वाळवण घालायचा नियम नाही, आणि आता म्हणे गच्चीची किल्ली तुझ्याच खिळ्याला असते आणि वरच्या मजल्यावरच्या बायका ती तुझ्याकडे मागायला येतात. मधे काय झालं ते दादाला धड सांगता येत नाही. तू त्या सेक्रेटरीला नेमकं काय म्हणालीस? बिबडे आधी खायला दिलेस की किल्ली आधी मागितलीस? तो उभा होता की बसलेला? तू हसलीस की नाही? सगळं लिहून कळव. लिहिणं जिवावर आलं तर नातीला फोनवर रेकॉर्ड करायला लाव, पण तुझ्या बोलीत बोल. पुण्यात गेल्यापासून फोनवर जी शुद्ध बोलतेस, ती मला चालायची नाही.

बाबांचा एक जुना टॉवेल बरोबर आणा. दुकानातल्या नव्याला खळ असते, झटकला की पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं दादाला आत्ताच काढायला सांगा, दोन्ही खालचे बर्थ. बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसू नका, तुमच्याकडे बघून मला संवाद आठवायचे नाहीत. आई, तू बस पुढे, पण मधेच उठून दुरुस्ती सांगू नकोस.

तुमची,
बेबी