डेपोचा विस्तार नव्हे, दिलेला शब्द हवा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. आमच्या शिवारातील कचरा डेपो वाढवण्यासाठी त्याला लागून असलेले गायरान घेण्याचा आराखडा तयार होत असल्याची नोटीस गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. हाच डेपो टप्प्याटप्प्याने बंद करू, असे शेजारच्या शहराच्या महापालिकेने आम्हाला लेखी कळवले होते आणि त्या कागदावर भरवसा ठेवूनच गावाने डंपर अडवण्याचे आंदोलन मागे घेतले होते. पर्यावरण अहवालाचा सारांश मागायला आम्ही गेलो, तेव्हा फक्त इंग्रजी प्रत हातात ठेवण्यात आली. 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार हा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. ज्यांच्या उशाशी कचरा येणार आहे, त्यांनाच तो अहवाल वाचता येऊ नये, हे कोणत्या लोकशाहीत बसते?

आमच्या विहिरीचे पाणी पूर्वी गावातले लोक पिण्यासाठी नेत असत. आता पहिला पाऊस झाला की त्याला तांबूस रंग चढतो, कडेला तेलकट तवंग साचतो आणि म्हशी त्याला तोंड लावत नाहीत. ढिगाऱ्यातून झिरपणारे काळे पाणी ओढ्यात उतरताना आम्ही रोज पाहतो, तरीही पाण्याचा नमुना घेऊन गेलेल्यांनी अहवाल गावाला दाखवलेला नाही. श्रावणात माशा इतक्या होतात की एका हाताने ताटावर वारा घालत दुसऱ्या हाताने जेवावे लागते. माझ्या दिरासाठी स्थळ पाहायला आलेले पाहुणे कपात माशी पडली म्हणून चहा तसाच ठेवून उठले आणि जमत आलेले लग्न मोडले. ढिगाला आग लागते त्या रात्री सासूबाईंना दम्यामुळे आडवे होता येत नाही आणि आम्ही दारे-खिडक्या बंद करून, फटींत ओली फडकी कोंबून बसतो. या सगळ्याची नोंद कोणत्याच आराखड्यात नाही, कारण आराखडा फक्त एकर आणि टन मोजतो.

नियम नाहीत, असे मुळीच नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये स्पष्ट लिहिले होते की भरावभूमीत, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, केवळ पुनर्वापर न होणारा, न कुजणारा, न जळणारा निष्क्रिय कचरा आणि प्रक्रियेनंतर उरलेला अंशच जावा. भरावभूमी वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर असावी, हेही त्यात होते. जुन्या ढिगांवर बायोमायनिंग करण्याची, म्हणजे ते उपसून, चाळून कचरा वेगळा करण्याची, किंवा ते शास्त्रीय पद्धतीने झाकण्याची मुदत पाच वर्षांची होती, म्हणजे ती 2021 मध्येच संपली. शहराच्या कचऱ्यात साधारण निम्मा ओला असतो. तो घरातच वेगळा झाला आणि प्रभागातच त्याचे खत झाले, तर इकडे येणाऱ्या डंपरची संख्या आपोआप घटेल. पण घंटागाडीत ओला-सुका वेगळा पडला, तरी डेपोवर तो एकाच ढिगात ओतला जातो. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निर्माण होतो, त्यातून आगी लागतात आणि मग जागा पुरत नाही म्हणून पुन्हा आमचेच गायरान मागितले जाते. जुना ढीग उपसून, चाळून मोकळी होणारी जमीन आधी का वापरली जात नाही, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

आणि हे एकट्या आमच्या गावाचे दुखणे नाही. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीने सोसला. औरंगाबादचा कचरा तीस वर्षांहून अधिक काळ नारेगावने सोसला आणि 2018 च्या फेब्रुवारीत तिथल्या लोकांनी गाड्या रोखल्या, तेव्हाच शहराला आपल्या कचऱ्याची आठवण झाली. मुंबईत 1927 पासून कचरा घेणारे देवनार 2016 च्या जानेवारीत दिवसेंदिवस धुमसत राहिले. प्रत्येक ठिकाणी आधी आग, मग आंदोलन, मग आश्वासन आणि मग पुन्हा विस्तार असेच घडत असेल, तर दोष एखाद्या अधिकाऱ्याचा कसा म्हणता येईल? कचरा टाकणाऱ्या महापालिकेच्या निवडणुकीत आम्हाला मत नाही. ज्यांना मत होते, त्यांच्याही अनेक महापालिकांचा कारभार 2022 नंतर कित्येक वर्षे प्रशासकांकडे राहिला. आम्ही दाद मागायची कोणाकडे? जिल्हा परिषद महापालिकेकडे बोट दाखवते, महापालिका मंत्रालयाकडे, आणि मंत्रालयातून पत्र फिरून पुन्हा त्याच महापालिकेच्या टेबलावर अभिप्रायासाठी येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच अभिप्राय, ही पद्धत आपण बदलणार आहात की नाही?

गायरान ही आमच्या शेळ्या-मेंढ्यांची आणि भूमिहीन घरांच्या जनावरांची शेवटची जागा आहे. ती देण्यास ग्रामसभेची संमती नाही.

जुन्या ढिगावरील बायोमायनिंग पूर्ण होऊन मोकळी झालेली जमीन मोजून दाखवली जात नाही, तोवर विस्ताराच्या आराखड्यास मंजुरी देऊ नये. विहिरींच्या पाण्याची तपासणी महापालिकेशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून व्हावी, तोपर्यंत पिण्याचे पाणी टँकरने मिळावे आणि जनसुनावणी आमच्या गावात, मराठी अहवाल किमान 30 दिवस आधी हातात देऊन घ्यावी. या पत्राचे उत्तर आपल्या विभागाकडून लेखी मिळावे आणि हे पत्र अभिप्रायासाठी त्याच महापालिकेकडे पाठवू नये.

आपली,
डेपोलगतच्या शिवारातील एक शेतकरी महिला